‘हं’ची व्याख्या

“खोकला हे प्रॉडक्ट नाही,” केतकी लांजेवारनं भर मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं. टेबलाभोवतीच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. आता बाई ढेकरावरही बोलणार, अशी सगळ्यांना धास्ती वाटली आणि ती खरी ठरली. “ढेकर नाही, उचकी नाही, घसा खाकरणं नाही, झोपेतलं कण्हणंसुद्धा नाही. ज्याचा आवाज गेलाय त्याला आपण आवाज परत देतोय. त्याच्या ढेकरांचं बिल पाठवलं तर लोक आपल्याला जोड्यानं मारतील.”

तिचा साहेब सुहृद देवपुजारी हसला. “मग प्रॉडक्ट काय आहे ते एका वाक्यात लिहून दे.”

केतकीचं काम तेच होतं. नागपूरच्या मिहान उद्योगनगरीत ‘सुस्वर’ नावाची कंपनी होती आणि तिच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉडक्टच्या व्याख्या केतकी लिहायची. नातेवाइकांना हे समजावताना दरवेळी तिची फजिती व्हायची. “म्हणजे तू बिलं बनवते का?” अमरावतीची शोभामावशी विचारायची. “नाही गं, बिल मशीन बनवतं. कशाचं बनवायचं ते मी सांगते.” मावशी “बरं बरं” म्हणायची आणि चहा टाकायला उठायची.

खरं तर त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. बिलिंगचं सॉफ्टवेअर हा एक ठार अडाणी प्राणी असतो. त्याला गिऱ्हाईक दिसत नाही की माल दिसत नाही, फक्त घटना दिसतात. अमक्यानं फोन लावला, तमक्यानं सिनेमा पाहिला, ढमक्यानं वीज वापरली. दर घटनेला ते एकच प्रश्न विचारतं: तू कोणतं प्रॉडक्ट? उत्तर कॅटलॉगमध्ये असावं लागतं. प्रॉडक्टचं नाव, त्यात मोजायचं काय, ते कोणाला द्यायचं, कोणत्या अटीवर, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं तिथं कोणीतरी आधी लिहून ठेवलेलं असतं. जी घटना कुठल्याच व्याख्येत बसत नाही, ती ‘सस्पेन्स’ नावाच्या खड्ड्यात जाऊन पडते.

सुस्वर विकत होती कंठपट्टी. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढून टाकलं तरी मेंदू हुकूम सोडायचा थांबत नाही. जीभ, जबडा, मानेचे स्नायू त्या हुकमासरशी हलतात आणि त्यांच्यात बारीकशी वीज खेळते. गळ्याला चिकटवलेली पट्टी ती वीज वाचायची आणि दूरच्या कॉम्प्युटरकडे पाठवायची. तो कॉम्प्युटर त्या माणसाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून त्याच्याच आवाजात शब्द तयार करून पट्टीतल्या इवल्या स्पीकरकडे परत धाडायचा. हे सगळं पापणी लवायच्या आत. मात्र मध्ये एक दरवान होता. प्रीपेड फोनवर कॉल लागण्याआधी जशी परवानगी विचारली जाते, तशी इथं दर आवाजाआधी बिलिंगची परवानगी लागायची. आवाज प्रॉडक्टमध्ये बसला तर बाहेर, नाही तर खड्ड्यात.

केतकीनं वाक्य लिहिलं: ‘शब्दकोशातला किमान एक शब्द असलेला, मुद्दाम केलेला ध्वनी म्हणजे एक उच्चार.’ देवपुजारीनं ते मोठ्यानं वाचलं आणि “वा!” म्हणाला. केतकीलाही आपण गिऱ्हाइकाच्या भल्याचं काही केलं असं वाटलं. त्या वाक्याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

दोन वर्षांनी तेच वाक्य तिच्या बापाच्या गळ्याला चिकटलं.

गजाननराव लांजेवार आयटीआयमध्ये लेथ शिकवायचे. उभा जन्म तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, आणि बायकोनं लपवलेल्या पुड्या शोधून शोधून खाल्ला. व्हायचं तेच झालं. ऑपरेशननंतर घसा बरा झाला, आवाज गेला. केतकीनं ताबडतोब कंठपट्टी आणली. जुन्या लग्नांच्या नि बारशांच्या व्हिडिओंतून त्यांचा आवाज गोळा करायला तिची सगळी दिवाळी गेली, कारण गजाननराव कुठल्याच व्हिडिओत धड चार वाक्यं बोललेले नव्हते. पट्टी लावल्यावर सगळं घर श्वास रोखून बसलं. गजाननरावांनी ओठ हलवले आणि त्यांच्या घोगऱ्या आवाजात पट्टी म्हणाली, “पंखा कमी कर.”

वंदनाबाई, म्हणजे केतकीची आई, रडायलाच लागल्या. पंखा कोणीच कमी केला नाही.

पुढं चार-सहा महिने बरे गेले असावेत. केतकी नागपुरातच, पण बेसाला राहायची, आईबाबा त्रिमूर्तीनगरला. कामाच्या रामरगाड्यात फोनवरच भागायचं. एका रविवारी आईचा फोन आला. “केतकी, मी शोभाकडे चालली अमरावतीला. महिना-दोन महिने राहीन. तुझ्या बाबांचा डबा लावून दे.”

“काऊन? काय झालं?”

“काही नाही झालं. तेच तर. भिंतीशी बोलून राहिली मी या घरात.”

केतकी तशीच गाडी काढून गेली. आईचा स्वभाव तिला ठाऊक होता. वंदनाबाई बोलायला लागल्या की सकाळच्या दूधवाल्यापासून सुरुवात करून, वाटेत दोन मयती नि एक मोडलेली सोयरीक घेऊन, वरणाच्या फोडणीशी येऊन थांबायच्या. गजाननराव पेपरात तोंड घालून बसायचे आणि मधून मधून “हं” म्हणायचे. त्या घरातला संसार तेवढ्यावर चालत आलेला. ते “हं”ही एकसारखं नसे. आखूड म्हणजे पुढं बोल, लांबवलेलं म्हणजे असं होय, नाकातलं म्हणजे मला पटलेलं नाही, पण तू बोल. आई पेपराआडून आलेल्या नुसत्या “हं”वरून नवऱ्याचं पोट बिघडलंय हेही ओळखायची.

घरात दोघं एकाच खोलीत बसली होती. आईनं केतकीसमोर मुद्दामच सुरुवात केली. “अहो, खालच्या सोनकुसऱ्यांची सून माहेरी गेली म्हणे.” गजाननराव पेपर वाचत होते. “सामान घेऊन गेली.” पेपराचं पान उलटलं. “मला वाटते आता परत येत नाही.” काहीच नाही. आईनं केतकीकडे पाहून हात उडवले. “पाहिलं? तोंडात आवाज असून मला उत्तर नाही. जिवावर आलं यांच्या मला हं म्हणणं!”

केतकी मात्र बापाच्या गळ्याकडे पाहत होती. आई दर वाक्याला थांबली की पट्टीखालची कातडी हलायची. पुन्हा वाक्य, पुन्हा थांबणं, पुन्हा हालचाल. हं हा शब्दकोशातला शब्द नव्हता.

“बाबा,” तिनं हळूच विचारलं, “तुम्ही हं म्हणून राहिले का?”

गजाननरावांनी पेपर खाली ठेवला. “मी म्हणतो,” पट्टी बोलली. “हे म्हणत नाही.”

“मग सांगितलं का नाही?”

“काय सांगू? मला हं म्हणायचं आहे, असं?”

आईनं डोक्याला हात लावला. “बाप्पा! आणि मी रोज मनातल्या मनात भांडून राहिली यांच्याशी!” ती हसली, पण हसू फार टिकलं नाही. नंतर तिनं केतकीला स्वयंपाकघरात नेलं आणि आवाज उतरवला. “हे दुरुस्त होते का गं लवकर? मला यांना एक गोष्ट सांगायची आहे. फार वर्षांची. डॉक्टर म्हणतात दुखणं पुन्हा वर येऊ शकते. त्याआधी मला बोलायचंच आहे. दोनदा सुरुवात केली. पुढून काही येतच नाही. अशी गोष्ट अर्ध्यावरून पुढं कशी नेऊ? ऐकून राहिले की रागावून बसले, काहीच समजत नाही.”

“कोणती गोष्ट?”

“आधी त्यांना. मग तुला.”

लहान पोराला गोष्ट सांगतानाही आपल्याकडे त्याला हुंकार द्यायला लावतात. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. एवढी साधी रीत, पण सुस्वरच्या कॅटलॉगमध्ये तिला जागा नव्हती. आणि ती जागा नाकारणारी केतकी स्वतःच होती. तिला स्वतःचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी ती देवपुजारीच्या केबिनमध्ये शिरली. “हं प्रॉडक्टमध्ये घ्यायचंय.”

“खोकला नको म्हणणारी तूच ना?”

“हं म्हणजे खोकला नव्हे.”

“मग काय आहे? वर्णनाची जागा कोरी सोडता येत नाही, तुला माहीत आहे. हं म्हणजे हो?”

“कधी कधी.”

“नाही?”

“तेही कधी कधी.”

“केतकी, एका प्रॉडक्टचे दोन उलटे अर्थ असतील तर कायदेवाले मला उभा सोलतील.”

शेवटी तिनं लिहिलं: ‘ऐकत असल्याची खूण.’ देवपुजारीला ते आवडलं.

अडचण वेगळीच निघाली. पट्टीच्या इंजिनिअरनं, रोशन मेश्रामनं, सगळे सिग्नल तपासून मान हलवली. “मॅडम, शब्दात जीभ, ओठ, जबडा सगळेच हलतात. हं म्हणताना फक्त गळा जरासा आवळतो. थुंकी गिळतानाही तेवढाच आवळतो. मशीनला फरक कळून नाही राहिला. दहा हं म्हटले तर चारच निघतील.”

“चार चालणार नाहीत.”

“एक करता येते. पट्टीला माइक आहे. समोरचा माणूस वाक्य संपवून थांबला, हे आपल्याला ऐकू येते. गळा हलला आणि समोरचा थांबला, तर हं सोडू.” त्यानं अट टाइप करता करता हात थांबवला. “पण गळ्याचा सिग्नल मुळातच कमजोर आहे. ‘आणि’ ठेवला तर पुन्हा बरेच हं बुडतील. ‘किंवा’ ठेवू का? गळा हलला किंवा समोरचा थांबला. मग एकही बुडणार नाही. काय ठेवू, आणि की किंवा?”

हा प्रश्न केतकीला नवा नव्हता. प्रॉडक्टच्या अटी लिहिताना दिवसातून कितीदा तरी तो यायचा. ‘आणि’नं दार अरुंद होतं, ‘किंवा’नं रुंद. अमरावतीची बॅग भरून बसलेली आई तिच्या डोळ्यांसमोर आली.

“किंवा,” ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात त्रिमूर्तीनगरच्या घरात पहिलं “हं” उमटलं. आई भाजी निवडत सोनकुसऱ्यांच्या सुनेचा पुढचा अध्याय सांगत होती. वाक्य संपलं आणि पेपराआडून ओळखीचं, घोगरं, किंचित लांबवलेलं “हं” आलं. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती अशी काही सुटली म्हणता, की संध्याकाळी केतकी गेली तेव्हा गोष्टीतली सून माहेरहून परत येऊन वेगळा संसार थाटून बसली होती. अमरावतीची बॅग कपाटावर गेली. गजाननरावांनी लेकीला बाजूला घेतलं. “बरं केलं,” पट्टी म्हणाली. “आता मी झोपलो तरी चालतं.”

केतकी खळखळून हसली. बाबांनी विनोद करावा, ही गोष्टच अपूर्वाईची होती.

कंपनीत तर आनंदीआनंद झाला. गिऱ्हाइकांच्या घरून आभाराचे फोन येऊ लागले. कोणाची म्हातारी सासू खुलली, कोणाच्या नातवंडांना गोष्ट ऐकणारे आजोबा परत मिळाले. एक मजाही लक्षात आली. मुदत संपताना कंपनीचा आपोआप फोन जायचा. ‘सेवा पुढं चालू ठेवू ना?’ असं विचारून तो थांबायचा आणि पट्टी म्हणायची, “हं.” सेवा सोडून जाणारं गिऱ्हाईकच उरलं नाही. रोशननं एकदा जेवताना ही गोष्ट काढली. “मॅडम, हे हं म्हणतं कोण, हो?” केतकीनं विषय बदलला. तिला बढती मिळून थोडेच दिवस झाले होते, आणि खरं सांगायचं तर तिला त्या प्रश्नात शिरायचंच नव्हतं.

मग आईचा फोन आला. भर दुपारी, ऑफिसात.

“केतकी, तुझे बाबा दूध आणायला खाली गेले होते. मला वाटलं आले वर. मी इकडून स्वयंपाकघरातून म्हटलं, आज भरली वांगी करते. तर हं आलं.”

“बरं, मग?”

“ते आलेच नव्हते. पट्टी चार्जिंगला लावली होती कपाटावर. कपाट म्हणालं हं. मी पुन्हा म्हटलं, मी विहिरीत उडी मारायला चालली. कपाट म्हणालं, हं. हे कपाट कधीपासून बोलून राहिलं गं?”

केतकीनं लॅपटॉप मिटला. “येते,” एवढंच म्हणाली.

ती पोचली तेव्हा आई ओट्याशी मेथी निवडत होती. बाबा आतल्या खोलीत होते. आईचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर केतकीला सोपं गेलं असतं.

“बस,” आई म्हणाली. “आता तुला सांगते ती गोष्ट. तुझे सुधाकरकाका आठवतात?”

आठवत होते. बाबांचे धाकटे भाऊ. घराण्यात काही भांडण झालं आणि दोघं भाऊ बोलेनासे झाले. पुढं काका अचानक हार्टनं गेले. “मरताना तरी यायचं होतं त्यानं,” एवढं एकच वाक्य बाबा त्यांच्याबद्दल बोलायचे, तेही क्वचित.

“ते आले होते,” आई म्हणाली. “जायच्या पंधरवडाभर आधी. तुझे बाबा ड्यूटीवर होते. भाऊजी गेटपाशी उभे राहिले, म्हणाले, वहिनी, दादाला भेटायचं आहे. मी त्यांच्यावर जळून होती. या घरात मी नवी नवरी होती तेव्हा माझ्या बापाला चारचौघांत टाकून बोलले होते ते. मी म्हटलं, तुमच्या दादाला तुमचं तोंड पाहायचं नाही. खोटं सांगितलं मी. आणि दार लावून घेतलं. नंतर ते गेले. मग कशी सांगू? इतकी वर्षं नाही सांगितलं. मागच्या महिन्यात एका दुपारी सांगितलं. ते खुर्चीत बसले होते, पेपर मांडीवर. सगळं सांगून झाल्यावर मी थांबली. तर ते म्हणाले, हं. असं हळू. लांब. मला वाटलं, माफ केलं त्यांनी. त्या रात्री मला कशी झोप लागली ते तुला काय सांगू.”

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

“आता तू सांग. ते हं त्यांचं होतं की कपाटाचं?”

सॉफ्टवेअरमध्ये शोधून काही हाती लागणार नव्हतं, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ‘किंवा’ लिहिलं की दोन्ही अटींची किंमत सारखी होते. गळा हलला की समोरचं माणूस थांबलं, यातलं काय झालं ते मशीन लिहून ठेवत नाही. घटना एकच, प्रॉडक्ट एकच, नाव एकच: ऐकत असल्याची खूण.

“पाहते,” ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

गजाननराव पलंगावर पडून खिडकीबाहेर पाहत होते. पट्टी गळ्याला होती. “बाबा,” केतकीनं शक्य तितक्या सहज विचारलं, “मागच्या महिन्यात दुपारी आई तुम्हाला बराच वेळ काहीतरी सांगत होती, आठवतं? तुम्ही खुर्चीत बसले होते.”

“झोपलो असेन,” पट्टी म्हणाली. “त्या नव्या गोळीनं झोप येते. तिला कळत नाही.” थोड्या वेळानं त्यांनी मान वळवली. “काय म्हणत होती?”

“काही नाही. असंच.”

ती परत स्वयंपाकघरात आली. तिथं पोचेपर्यंतच्या वाटेवर तिनं ठरवून टाकलं होतं. आई सत्तरीला टेकली होती. बाबांचे किती दिवस उरले होते ते डॉक्टरही सांगत नव्हते. एका माणसाला शांत झोप लागतेय, ती मोडून कोणाचं भलं होणार? ‘हो, त्यांचंच होतं’ एवढं म्हटलं की झालं.

“त्यांचंच होतं ना गं?” आईनं विचारलं.

केतकीनं तोंड उघडलं. शब्द काही येईना.

“हं,” ती म्हणाली.

आईनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नवलानंही नाही. जन्मभर हुंकारांवर गुजराण केलेल्या बाईला एवढं एक “हं” ओळखायला कितीसा वेळ लागणार? तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि ती आतल्या खोलीत गेली.

“अहो, उठून बसा. ती पट्टी काढा.”

“का?” पट्टीतून आवाज आला.

“काढा म्हणते नं मी.”

पलंग करकरला. मग पट्टी कातडीवरून सुटल्याचा आवाज आला. केतकी ओट्याला टेकून उभी राहिली. आत जायची तिची छाती होईना आणि निघून जायला पाय उचलेना.

“सुधाकर भाऊजी आले होते आपल्याकडे,” आई म्हणाली. “जायच्या आधी. तुम्ही ड्यूटीवर होते.”

ती थांबली. आतून हं आलं नाही, येणारही नव्हतं. आई त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे पाहत असेल. केतकीला फक्त आईचा आवाज ऐकू येत होता.

“मी दार लावून घेतलं,” आई म्हणाली, आणि पुढं बोलत राहिली.